सीसीआयई एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर: नोकरी सांभाळून दीड वर्षाचा अभ्यास कसा आखावा?

कोथरूड_पिंग

नमस्कार मंडळी. सीसीआयई एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चरची, म्हणजे सिस्कोच्या तज्ज्ञ पातळीच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटची, तयारी सुरू करायची आहे. राहायला कोथरूड, ऑफिस हिंजवडी फेज २. सहा वर्षं एंटरप्राइझ नेटवर्कचं काम आहे. स्विचिंग आणि ओएसपीएफ, बीजीपी हे राउटिंग प्रोटोकॉल रोजचंच. एमपीएलएस (लेबल लावून पॅकेट पुढे पाठवणं) मात्र प्रोव्हायडरकडे, आमच्या हातात फक्त सीई, म्हणजे ग्राहकाच्या टोकाचा राउटर. एसडी-वॅनचा (शाखांना जोडणारं नेटवर्क सॉफ्टवेअरने एका जागेवरून चालवणं) डॅशबोर्ड वापरतो, शून्यापासून उभं केलेलं नाही. पायथॉन जेमतेम.

सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेपाच ते साडेसात असे दोन तास मिळतात आणि रविवारी सहा. शनिवार घरचा, त्याला हात लावायचा नाही. मुदत १८ महिने धरली आहे.

अडलंय ते असं. एनकोर, म्हणजे ३५०-४०१ ही लेखी परीक्षा, आधी देऊन मोकळं व्हावं की लॅबची, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेची, बरीच तयारी झाल्यावर द्यावी? ३२ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर किती भागेल? आणि सर्वांत मोठी काळजी म्हणजे दुसऱ्या महिन्यात शिकलेलं मल्टिकास्ट (एकाकडून अनेकांना एकदम पाठवणं) पंधराव्या महिन्यात कसं टिकवायचं? विषयांची यादी तयार आहे, पण यादी म्हणजे आखणी नव्हे हे कळतंय.

खराडी_बीजीपी

विषयांच्या आधी तासांचा हिशोब करा. आठवड्याला १६ तास आणि १८ महिन्यांचे ७८ आठवडे, म्हणजे कागदावर १,२४८ तास. त्यातले १२ आठवडे आत्ताच वजा करा: गणपती, दिवाळी, आजारपण, ऑफिसचे रात्रीचे चेंज, मुलांच्या परीक्षा. उरले ६६ आठवडे, म्हणजे १,०५६ तास. आखणी या आकड्यावर करायची. १,२४८ वर केलेली आखणी पहिल्याच गणपतीत मागे पडते आणि मग माणूस ती भरून काढायला झोप कापतो.

या १,०५६ मधले २०० तास पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांसाठी बाजूला ठेवा. उरलेले साधारण ८५६ तास लॅबच्या अभ्यासक्रमातल्या वजनाप्रमाणे वाटा. आवृत्ती १.१ मध्ये नेटवर्क इन्फ्रास्ट्रक्चरला ३० टक्के, सॉफ्टवेअर डिफाइन्डला २५, आणि ट्रान्सपोर्ट, सिक्युरिटी व सेवा, ऑटोमेशन या तिघांना प्रत्येकी १५ टक्के आहेत. म्हणजे अंदाजे २५७, २१४ आणि १२८ तास तीन वेळा. सुरू करण्याआधी सिस्कोच्या साइटवर चालू आवृत्ती बघा आणि ती छापून भिंतीवर लावा. दीड वर्षात आवृत्ती बदलू शकते, त्यामुळे दर तीन महिन्यांनी पुन्हा बघा.

या वाटपात माझ्या मते एक फेरफार करायलाच हवा. २५७ तासांत आणखी चाळीसेक तास घाला, ते सॉफ्टवेअर डिफाइन्डमधून काढा. कारण पुढचं सगळं या पायावर उभं आहे. डीएमव्हीपीएनमध्ये (शाखांमध्ये गरजेप्रमाणे बनणारे व्हीपीएन बोगदे) अडणारी बहुतेक माणसं खरं तर ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलच्या स्प्लिट होरायझनमध्ये (जिकडून मार्ग शिकला तिकडे तो परत न सांगण्याचा नियम) किंवा ओएसपीएफच्या नेटवर्क टाइपमध्ये अडलेली असतात.

एनकोर पाचव्या महिन्याच्या शेवटी द्या. लगेच दिलीत तर ती निव्वळ पाठांतराची परीक्षा होते. फार उशिरा ठेवलीत तर लॅबचा सराव रंगात आला असताना वायरलेसचे आणि व्हर्च्युअलायझेशनचे फुटकळ मुद्दे वाचायला बसावं लागतं. १२० मिनिटांची परीक्षा आहे आणि पास झाल्यावर लॅब द्यायला तीन वर्षं हातात असतात, म्हणजे पाचवा महिना कुठल्याच बाजूने अडचणीचा नाही. त्यानंतर एनार्सी, म्हणजे राउटिंगची ३००-४१० परीक्षा, देणं लॅबसाठी बंधनकारक नाही. पण आठव्या महिन्यात ती दिली तर राउटिंगचा टप्पा तारखेला बांधला जातो आणि हातात सीसीएनपी हे एक पायरी खालचं सर्टिफिकेटही पडतं. दीड वर्षाच्या अभ्यासात मधे एक ठोस मुक्काम असलेला बरा.

आता विसरण्याचा प्रश्न, कारण दीड वर्षाची आखणी नेमकी इथे कोसळते. विषय संपवला की डायरीत लगेच परत येण्याच्या तीन तारखा टाका: तिसरा दिवस, तिसरा आठवडा, तिसरा महिना. परत येणं म्हणजे नोट्स वाचणं नाही. कोरी टोपोलॉजी, घड्याळ लावलेलं, समोर फक्त मागण्यांचा कागद. मल्टिकास्टचं उदाहरण घ्या. सहा राउटर, पीआयएम स्पार्स मोड, दोन आरपी (पाठवणारे आणि ऐकणारे जिथे भेटतात ते राउटर), त्यांच्यात एनीकास्ट आणि एमएसडीपी, एका टोकाला रिसिव्हर म्हणून आयजीएमपी जॉइन केलेला राउटर, दुसऱ्या टोकावरून पिंग. याला ३५ मिनिटांची मोजपट्टी ठेवा. ५० च्या पुढे गेलात तर विषय कच्चा आहे, त्याच्या तिन्ही तारखा पुन्हा पहिल्यापासून. ३५ च्या आत आलात तर पुढची तारीख तीन महिन्यांनी.

या परतीच्या फेऱ्यांना रविवारचे पहिले दोन तास कायमचे देऊन टाका. नव्या विषयाआधी जुना. शेवटी ठेवले की ते हमखास राहतात.

सिंहगड_रोड_लॅब

रॅमबद्दल लिहिते. ३२ जीबीचा लॅपटॉप टाकून देऊ नका, पहिले नऊ-दहा महिने तोच पुरतो. सीएमएलमध्ये, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये, एका आयओएसव्हीला (आभासी राउटर) अर्धा जीबी आणि आयओएसव्ही-एल२ला (आभासी स्विच) पाऊण जीबी लागते. १२ राउटर आणि ४ स्विच म्हणजे ९ जीबी. त्यात दोन कॅट८०००व्ही (मोठे आभासी राउटर) घातले, प्रत्येकी ४ जीबी, तरी १७. होस्टला १० सोडले तरी निभतं. सीएमएल पर्सनलमध्ये एकावेळी २० नोड चालतात, फुकटच्या आवृत्तीत ५. पाच नोडमध्ये एकेक प्रोटोकॉल शिकता येतो, पण रीडिस्ट्रिब्यूशन (एका प्रोटोकॉलचे मार्ग दुसऱ्यात घालणं) किंवा एल३व्हीपीएन (एमपीएलएसवरचं व्हीपीएन) यांना ते पुरत नाहीत. ईव्ही-एनजी हा दुसरा सिम्युलेटरही चांगला आहे, पण त्यात सिस्कोच्या इमेज येत नाहीत, त्या रीतसर मिळवाव्या लागतात. सीएमएलच्या वर्गणीत त्या येतात, म्हणून सुरुवात तिथे करा.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. नोडवर कॉन्फिग सेव्ह केल्यावर सीएमएलमधून ती एक्स्ट्रॅक्टही करा. नुसतं सेव्ह केलेलं नोडच्या डिस्कवर राहतं, नोड वाइप केला की गेलं. एक्स्ट्रॅक्ट केलेलं लॅबच्या फाइलमध्ये येतं, ती फाइल उतरवून तारखेच्या नावाने ठेवा. तीन महिन्यांनी परत आलात की जुनं उत्तर नव्या उत्तराशेजारी ठेवून बघता येतं.

अकराव्या महिन्यात एसडी-वॅन आलं की लॅपटॉप संपला. मॅनेजर, म्हणजे पूर्वीचा व्हीमॅनेज, एसडी-वॅन चालवणारं मुख्य सॉफ्टवेअर, त्याला ३२ जीबी धरा. कमी देऊन चालवतात, पण मग लॉगिनचं पान यायला इतका वेळ लागतो की पहाटेच्या दोन तासांतला अर्धा तास तिथेच जातो. त्याच्या जोडीच्या कंट्रोलरला ४, व्हॅलिडेटरला ४, चार कॅट८०००व्हीना १६. बेरीज ५६. म्हणजे ६४ जीबी जेमतेम, १२८ असेल तर निश्चिंत. त्यासाठी नवं मशीन घेण्याची गरज नाही. वापरलेलं वर्कस्टेशन घ्या, उदाहरणार्थ एचपी झेड४४०. त्यात मेमरीच्या आठ जागा असतात आणि रजिस्टर्ड ईसीसी डीडीआर४ घालून १२८ जीबीपर्यंत जाता येतं. तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मेमरी घेताना कांडीवरचं लेबल वाचा: शेवटी आर असेल तर रजिस्टर्ड, ई असेल तर अनबफर्ड. दोन्ही मिसळल्या तर मशीन सुरूच होत नाही. दुकानात आठही कांड्या बसवून बायोसमध्ये पूर्ण आकडा दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. डिस्क एसएसडीच हवी, किमान १ टीबी. मॅनेजरला डेटासाठी वेगळी दुसरी डिस्क जोडावी लागते, तिला १०० जीबी द्या. ती जोडायची विसरली तर पहिल्या बूटलाच गाडी अडते.

आणि यूपीएस घ्या. आपल्याकडे देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते हे माहीत असूनही मशीन बुधवारी रात्री चालू राहतं. राउटरच्या इमेजला अचानक बंद पडण्याचं फारसं काही वाटत नाही, मॅनेजरचा डेटाबेस मात्र खराब होऊ शकतो आणि मग सर्टिफिकेटांपासून सगळं पुन्हा. दर रविवारी व्हीएम नीट बंद करून एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.

एसडी-ॲक्सेस (ऑफिसचं अंतर्गत नेटवर्क सॉफ्टवेअरने चालवणं) घरी उभं करण्याच्या नादी लागू नका. ते चालवणाऱ्या कॅटॅलिस्ट सेंटरच्या व्हर्च्युअल आवृत्तीलाच ३२ व्हीसीपीयू आणि २५६ जीबी रॅम लागते. त्यासाठी सिस्कोच्या डेव्हनेट सँडबॉक्स या ऑनलाइन लॅब आहेत, फुकट आहेत. ज्यांची वेळ राखून ठेवावी लागते ते रविवारसाठी आधीच राखा. घरी काय करायचं, तर पडद्यामागचं यंत्र हाताने बांधायचं. दोन-तीन कॅट८०००व्हीवर लिस्प लावा, एकाला मॅप-सर्व्हर करा, ईआयडी (यंत्राचा पत्ता) आणि आरलॉक (ते यंत्र ज्या राउटरमागे आहे त्याचा पत्ता) म्हणजे काय ते आउटपुटमध्ये डोळ्यांनी बघा. फॅब्रिकमध्ये कंट्रोल प्लेन लिस्प, डेटा प्लेन व्हीएक्सलॅन, आणि धोरण एसजीटीवर (ट्रॅफिकवरचा गटाचा शिक्का) चालतं. हे तीन थर वेगळे दिसायला लागले की कॅटॅलिस्ट सेंटरवरचं प्रत्येक बटण खाली काय करतं ते समजतं. व्हीएक्सलॅनमुळे प्रत्येक फ्रेमवर ५० बाइट वाढतात, म्हणून अंडरलेचा, म्हणजे खालच्या प्रत्यक्ष नेटवर्कचा, एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) मोठा लागतो, ९१०० ठेवतात. कुठल्या एका लिंकवर तो १५०० राहिला की पिंग जातो आणि फाइल अडते. तक्रार ॲप्लिकेशनची येते, दोष लिंकचा असतो.

कोथरूड_पिंग

ताई, मनापासून आभार. लॅपटॉप राहू देतो, वर्कस्टेशन दहाव्या महिन्यात बघतो. @खराडी_बीजीपी, परतीच्या तारखा आजच डायरीत टाकतो.

पण एक विचारायचं आहे. राउटिंगवर २९७ तास म्हणजे तीनशेच्या आसपास. जे रोज हाताखालून जातं त्यावर इतका वेळ नेमका कुठे घालवायचा?

पाषाण_पॅकेट

रोज हाताखालून जातं ते चालू नेटवर्क असतं. कुणीतरी विचार करून बांधलेलं, एकाच प्रोटोकॉलचं, स्वच्छ. लॅबमध्ये दोन कंपन्यांचं नेटवर्क एकत्र आणलेलं असतं, आणि प्रोटोकॉल जिथे एकमेकांना भेटतात तिथे गुण असतात. हे तीनशे तास त्या सांध्यांवर घालवा.

पहिला सांधा दोन ठिकाणी होणारं परस्पर रीडिस्ट्रिब्यूशन. आर१ आणि आर२ दोघेही एका बाजूला ईआयजीआरपी, दुसऱ्या बाजूला ओएसपीएफ बोलतात. ईआयजीआरपीच्या बाजूला आर५ आहे, तो १०.५.५.०/२४ हे कनेक्टेड नेटवर्क रीडिस्ट्रिब्यूट करतो, म्हणजे ते एक्स्टर्नल, अंतर (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, कमी असेल तो मार्ग जिंकतो) १७०. आर१ ते ओएसपीएफमध्ये घालतो. आर२ला आता तेच नेटवर्क दोन्हीकडून दिसतं: ईआयजीआरपीकडून १७०, ओएसपीएफकडून ११०. तो ११० घेतो. आर५ शेजारी असूनही आर२चं पॅकेट ओएसपीएफच्या ढगातून आर१कडे वळसा घालून जातं. एवढ्यावर थांबत नाही. आर२च्या टेबलात तो मार्ग आता ओएसपीएफचा आहे, म्हणून आर२ तो पुन्हा ईआयजीआरपीत ढकलतो. तिथे दिलेलं सीड मेट्रिक मूळ मार्गापेक्षा चांगलं असेल तर आर१ आर५ला सोडून आर२कडे बघू लागतो. मग लूप, किंवा मार्ग सतत वरखाली.

यावर सगळे टॅग, म्हणजे मार्गावर खुणेचा आकडा, लावतात. टॅग लावून परतीच्या दिशेला तो नाकारला की मार्गाचं मागे वळणं थांबतं, पण आर२चा वळसा तसाच राहतो, कारण तो ११० आणि १७० मुळे आहे. ओएसपीएफ एक्स्टर्नलचं अंतर १७१ करून वळसा सुटतो, पण मग ओएसपीएफच्या बाजूचे खरे एक्स्टर्नल मार्ग दुसऱ्या राउटरने ईआयजीआरपीत घातलेले असतात, ते १७० ने जिंकतात आणि तीच अडचण उलट्या दिशेने उभी राहते. म्हणून आर१ आणि आर२ दोन्हींवर ओएसपीएफमध्ये आत येणारी डिस्ट्रिब्यूट-लिस्ट लावायची, रूट-मॅपमध्ये तो टॅग नाकारायचा. एलएसए (ओएसपीएफला आलेली मार्गाची माहिती) डेटाबेसमध्ये राहतो, मार्ग टेबलात बसत नाही. त्याची किंमत अशी की आर२चा ईआयजीआरपीचा दुवा तुटला तर ओएसपीएफकडचा पर्यायी मार्ग त्याला मिळत नाही. प्रश्नात पर्यायी मार्ग मागितला असेल तर हे उत्तर चुकलं, तिथे अंतर निवडक नेटवर्कपुरतं बदलावं लागतं. हा एक प्रश्न चारही पद्धतींनी सोडवा आणि दर वेळी एक दुवा पाडून बघा. पहाटेची चार सत्रं यात जातात, जाऊ द्या.

याच कामात ईआयजीआरपीत मेट्रिक द्यायला विसरलं तर मार्ग जातच नाहीत, कारण तिथे मूळ सीड मेट्रिक अनंत धरलेलं असतं. एररही येत नाही.

दुसरा सांधा एमपीएलएस. पीईच्या (प्रोव्हायडरच्या कडेचा राउटर) लूपबॅकला /२४ मास्क देऊन बघा. ओएसपीएफ लूपबॅकची जाहिरात /३२ म्हणून करतो, पण पीईच्या स्वतःच्या टेबलात कनेक्टेड मार्ग /२४ आहे, म्हणून एलडीपी (लेबल वाटणारा प्रोटोकॉल) लेबल /२४ ला देतो. शेजारच्या पी राउटरकडे (प्रोव्हायडरच्या आतला) /३२ मार्ग आहे आणि त्या /३२ साठी पीईकडून लेबलच आलेलं नाही. तो पूर्ण लेबलस्टॅक काढून पॅकेट पुढे पाठवायला जातो आणि व्हीपीएनचं पॅकेट तिथे मरतं. गंमत नाही, हा फार फसवा दोष आहे: पीई ते पीई लूपबॅक पिंग होतो, व्हीपीएनव्ही४ शेजार वर असतो, ग्राहकाचे मार्ग व्हीआरएफमध्ये (त्याच्या वेगळ्या राउटिंग टेबलात) दिसतात, फक्त ग्राहकाचं ट्रॅफिक जात नाही. फॉरवर्डिंग टेबलमध्ये पीवर त्या मार्गासमोर नो लेबल लिहिलेलं दिसलं की समजायचं. उपाय: मास्क /३२, किंवा लूपबॅकवर ओएसपीएफचा पॉइंट-टू-पॉइंट टाइप.

एमपीएलएसमध्येच ओएसपीएफ पीई-सीई म्हणून वापरताना सीईवर व्हीआरएफ असेल तर डीएन बिट या लूप टाळण्याच्या खुणेमुळे सीई आलेले मार्ग डेटाबेसमध्ये ठेवतो, टेबलात घेत नाही. कॅपॅबिलिटी व्हीआरएफ-लाइट ही एक ओळ टाकल्यावर सुटतं. तुम्ही सीईच सांभाळता, म्हणजे हे तुम्हाला कामावरही लागेल.

तिसरा डीएमव्हीपीएन. फेज ३ मध्ये हबवर (मुख्य ठिकाण) एनएचआरपी, म्हणजे बोगद्याच्या टोकांचे पत्ते शोधणारा प्रोटोकॉल, त्याचं रिडायरेक्ट, स्पोकवर (शाखा) शॉर्टकट. हबवर समरी पाठवली तरी स्पोक ते स्पोक थेट बोगदा बनतो, रूट टेबलात एनएचआरपीच्या मार्गापुढे एच दिसतो. फेज २ ची सवय असलेले लोक हबवर नेक्स्ट-हॉप-सेल्फ बंद करून ठेवतात, फेज ३ ला त्याची गरज नाही. नेटवर्क-आयडी हा आकडा फक्त त्या राउटरपुरता असतो, दोन्ही टोकांना जुळवायची सक्ती नाही. टनेल की मात्र जुळलीच पाहिजे. टनेलवर आयपी एमटीयू १४००, एमएसएस १३६०. आणि टनेलच्या वरचा राउटिंग प्रोटोकॉल टनेलच्या खालच्या पत्त्यालाही शिकवू लागला तर टनेल स्वतःतूनच स्वतःचा पत्ता शोधतो, लॉगमध्ये रिकर्सिव्ह राउटिंगचा संदेश येतो, टनेल पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. खालचा इंटरफेस वेगळ्या व्हीआरएफमध्ये टाकला की हा प्रश्न मुळातून जातो.

सरावाची पद्धत: लॅब पूर्ण चालू झाली की ती मोडा. मित्राला मोडायला सांगा, नसेल तर दोष चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा, त्या चिठ्ठ्यांच्या कॉन्फिग फाइल बनवा आणि तीन आठवड्यांनी न बघता एक फाइल चढवा. तोवर कुठली कोणती हे आठवत नाही. शोधताना रनिंग कॉन्फिग बघायचीच नाही, फक्त शो आणि डीबग. रनिंग कॉन्फिग वाचून दोष शोधायची सवय दोनशे ओळींपर्यंत चालते, वीस उपकरणांच्या नेटवर्कमध्ये वेळ खाते.

वाकड_यांग

@खराडी_बीजीपी, बाकी सगळं पटलं, एका गोष्टीला विरोध आहे. ऑटोमेशनचे १२८ तास सलग लावू नका. बहुतेक जण ते तेराव्या महिन्यावर ढकलतात आणि मग नेटवर्कचा माणूस दोन महिने फक्त कोड लिहीत बसतो, राउटिंगचा हात जातो. पहिल्या आठवड्यापासून दर शुक्रवारचे दोन तास ऑटोमेशनचे ठेवा. ६६ आठवड्यांत १३२ तास झाले, हिशोब बरोबर जुळतो. त्या आठवड्यात हाताने जे बांधलं तेच शुक्रवारी कोडने तपासायचं. ओएसपीएफ शिकताय? शेजाऱ्यांची स्थिती गोळा करून फुल नसलेले वेगळे काढणारा छोटा पायथॉन लिहा.

अडतं कुठे, तर रेस्टकॉन्फ, नेटकॉन्फ (कोडने उपकरणाशी बोलायचे दोन मार्ग) आणि ईईएम (राउटरवरच आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट) या तिन्ही ठिकाणी भलत्याच कारणाने. रेस्टकॉन्फ: राउटरवर रेस्टकॉन्फ चालू, एचटीटीपीएस सर्व्हर चालू, वापरकर्ता प्रिव्हिलेज १५ चा. ४०१ आलं तर लॉगिन तपासा. ४०४ आलं तर बहुधा पत्त्यात यांग मॉड्यूलचं (कॉन्फिगची रचना सांगणारं मॉडेल) नाव चुकलंय किंवा आहे ते उपकरणावर मुळात कॉन्फिगर केलेलंच नाही. ४०६ आलं तर ॲक्सेप्ट हेडर चुकलाय, तिथे ॲप्लिकेशन/यांग-डेटा+जेसॉन हवं, नुसतं जेसॉन चालत नाही. नेटकॉन्फ ८३० पोर्टवर असतं, जोडल्यावर उपकरण आधी स्वतःच्या क्षमतांची यादी पाठवतं, ती एकदा सावकाश वाचा, कुठली मॉडेल आहेत ते तिथेच लिहिलेलं असतं. ईईएम ॲप्लेट: पहिली कृती एनेबल नसेल तर पुढच्या आज्ञा चालत नाहीत, आणि ॲप्लेटला मुळात २० सेकंद मिळतात. पिंग किंवा लांबलचक शो घातला की ते मधेच तुटतं, मॅक्सरन वाढवावं लागतं.

एसडी-वॅनचंही एक. कंट्रोल कनेक्शन वर येत नसतील तर आधी घड्याळ बघा. व्हीएमची वेळ मागे असली की सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही असं धरलं जातं. मग ऑर्गनायझेशनचं नाव बघा, ते सगळीकडे अक्षरशः सारखं हवं, मोकळ्या जागेसकट. मग यूडीपी १२३४६ चा मार्ग. या तीन गोष्टी याच क्रमाने बघितल्या की बहुतेक वेळा उत्तर सापडतं, नाही सापडलं तर कनेक्शन-हिस्टरीतला शेवटचा रकाना वाचा.

खराडी_बीजीपी

शुक्रवारची कल्पना माझ्या वाटपापेक्षा चांगली आहे, तीच घ्या.

शेवटच्या चार महिन्यांबद्दल राहिलं होतं. लॅब आठ तासांची, दोन भाग: आधी तीन तास डिझाइन, मग पाच तास उभारणी, चालवणं आणि सुधारणा. दोन्हींत स्वतंत्र किमान गुण लागतात, म्हणजे एकाच्या जोरावर दुसरा तरत नाही. डिझाइनमध्ये उपकरणं नसतात. ईमेल, आकृत्या, मागण्या समोर येत जातात, आणि पुढे गेलात की मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. हाताने काम करणाऱ्यांना हा भाग अवघड जातो, कारण ते तांत्रिकदृष्ट्या उत्तम ते निवडतात. हवं असतं ते दिलेल्या मागणीत बसणारं. तयारी अशी करा: दर रविवारी ऑफिसमधल्या किंवा मनातल्या एखाद्या नेटवर्कची एक पानी मागणी लिहा, दोन पर्याय मांडा आणि नाकारलेला पर्याय का नाकारला याची तीनच वाक्यं लिहा. तिन्ही वाक्यांत मागणीतला एखादा शब्द यायलाच हवा. येत नसेल तर ते तुमचं मत आहे, उत्तर नाही.

पाच तासांच्या भागात पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीही टाइप करू नका. सगळे प्रश्न वाचा, कोण कोणावर अवलंबून आहे त्याचे बाण काढा, बंधनं अधोरेखित करा. स्टॅटिक रूट वापरू नये अशी ओळ असेल आणि स्टॅटिकने पिंग गेला तरी तो प्रश्न गेला. प्रत्येक प्रश्न संपला की तपासणीची आज्ञा लगेच द्यायची, आणि शेवटची ३० मिनिटं फक्त पुन्हा तपासणीला. डीएमव्हीपीएनचा प्रश्न सोडवताना लावलेली एसीएल (ट्रॅफिक गाळण्याचे नियम) बीजीपीचा शेजार पाडते, असं नेहमी होतं.

सिस्कोची कागदपत्रं लॅबमध्ये उपलब्ध असतात, पण गूगल नाही. म्हणून आजपासून सर्च इंजिन न वापरता कॉन्फिगरेशन गाइडच्या अनुक्रमणिकेतून पान गाठायची सवय करा. क्वचित लागणाऱ्या पंधरा-वीस गोष्टी कुठे आहेत ते तोंडपाठ हवं.

पूर्ण आठ तासांची सराव परीक्षा शनिवार मोकळा नसेल तर रविवारी. सलग, मोबाईल दुसऱ्या खोलीत. अशा किमान दहा. म्हणजे ८० तास, आणि २०० मधले उरलेले १२० त्यात सापडलेल्या चुका दुरुस्त करायला. तीन सलग परीक्षांत वेळेआधी अर्धा तास उरला की तारीख घ्या. खरे प्रश्न आहेत म्हणून कुणी फाइल विकत असेल तर तिकडे फिरकू नका. गोपनीयतेच्या कराराचा भंग ठरतो, सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, आणि आवृत्ती बदलली की ते पाठांतर कुचकामी.

कोथरूड_पिंग

आखणी बदलली. सोमवार ते गुरुवार नवा विषय, शुक्रवार ऑटोमेशन, रविवारी पहिले दोन तास जुनं आणि चार तास मोठी टोपोलॉजी. पाचव्या महिन्यात एनकोर, आठव्यात एनार्सी, अकरा ते चौदा एसडी-वॅन आणि एसडी-ॲक्सेस, पंधरापासून सराव परीक्षा. उद्या पहाटे ईआयजीआरपी नेम्ड मोडने सुरुवात.

लॅब बेंगळुरूला द्यावी लागेल ना? पुण्याहून जाताना काय सांभाळायचं?

सिंहगड_रोड_लॅब

हो, बेंगळुरूला सिस्कोचं कायमचं लॅब केंद्र आहे. उद्यान एक्स्प्रेस पुण्यावरून सोलापूर, गुंतकल करत दुसऱ्या दिवशी पोचवते, पण रात्र गाडीत काढून त्याच सकाळी परीक्षेला बसू नका, मधे एक पूर्ण दिवस ठेवा. विमानाने गेलात तरी आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. तिथे संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून राहायचं ठिकाण केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षराअक्षराने सारखं आहे का ते तारीख घेतानाच बघा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आणि सिस्कोच्या खात्यात नाही, असं आपल्याकडे फार होतं, आणि ते दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

आणि शेवटचे दोन महिने पूर्ण आकाराच्या साध्या बाहेरच्या कीबोर्डवर सराव करा. लॅपटॉपच्या कीबोर्डची सवय झालेल्या बोटांना पाच तासांत त्याचा फरक जाणवतो.